ले मान्सचा विजेता आग्रा रोडवरून गेला, त्या रात्रीची गोष्ट

मित्रहो, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. धुळ्याच्या, शिरपूरच्या, सोनगीर-नरडाण्याच्या लोकांनी तर नक्की शेवटपर्यंत वाचा, कारण शेवटी तुमच्याकडंच एक काम आहे.

१ डिसेंबर आला की आमच्या घरात एक विषय हमखास निघायचा. नाना (माझे वडील) ओट्यावर बसून सांगायचे, "त्या राती गोऱ्यांच्या गाड्या गेल्या व्हत्या आपल्या रोडनं. भो, त्या गाड्या नव्हत्या, वारा व्हता वारा." मग पुढं दरवर्षी थोडं थोडं वाढत जायचं. एका वर्षी गाड्या वीस होत्या, दुसऱ्या वर्षी शंभर. एका वर्षी तर एक गोरा सोनगीरला थांबून चहा पिऊन गेला आणि नानांना सिगारेटचं पाकीट देऊन गेला. आई आतून म्हणायची, "पाकीट कोठे शे मग?" आणि विषय संपायचा.

मी लहानपणापासून ही नानांची एक लोणकढी समजत होतो. माझं अर्धं आयुष्य डिझेलच्या वासात गेलं, गाड्या खोलण्यात आणि जोडण्यात, तरी ही गोष्ट तपासावी असं कधी वाटलं नाही. रिटायर झाल्यावर वेळ मिळाला आणि वाचत गेलो. तेव्हा कळलं की नाना खोटं बोलत नव्हते. चहाचं मात्र मी आजही मानत नाही, त्याचं कारण पुढं सांगतो.

साल १९६८. लंडन ते सिडनी मॅरेथॉन. पळण्याची मॅरेथॉन नव्हे, मोटारींची. ब्रिटनमध्ये १९६७ ला पाउंडाचं अवमूल्यन झालं होतं, सगळीकडं उदास वातावरण. 'डेली एक्सप्रेस' या वर्तमानपत्राचे मालक सर मॅक्स एटकन आणि त्यांच्या मित्रांनी जेवता जेवता ठरवलं की लोकांना काहीतरी जंगी दाखवायचं. ऑस्ट्रेलियातून सर फ्रँक पॅकर यांचं 'डेली टेलिग्राफ' सामील झालं. पहिलं बक्षीस १० हजार पाउंड. २४ नोव्हेंबर १९६८, रविवारी, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसपासून ९८ गाड्या सुटल्या. पॅरिस, तुरिन, बेलग्रेड, इस्तंबूल, तुर्कस्तानातलं सिवास, तेहरान, काबूल, तिथून खैबर खिंड, लाहोर, दिल्ली. आणि दिल्लीहून मुंबई.

दिल्ली ते मुंबई साधारण १४०० किलोमीटर. वेळ दिला होता २२ तास ५१ मिनिटं. हे अंतर त्यांनी कापलं आपल्या आग्रा रोडने: आग्रा, ग्वाल्हेर, इंदूर, सेंधवा, शिरपूर, धुळे, मालेगाव, नाशिक. १ डिसेंबरच्या पहाटे दिल्ली सोडायची आणि २ तारखेला उजाडायच्या आत मुंबई गाठायची. हिशेब मांडून बघा. मुंबईच्या अलीकडं सव्वातीनशे किलोमीटरवर असलेल्या धुळ्याच्या वाट्याला रात्रच येणार. नानांची रात्र.

आता चहाचं. या शर्यतीचा नियम असा होता की ठरलेल्या नाक्यावर जितकी मिनिटं उशीर, तितके दंडाचे गुण. ज्याचा दंड सगळ्यात कमी तो जिंकला. १० हजार मैलांच्या प्रवासात जिंकणाऱ्या गाडीचा एकूण दंड होता ५०. म्हणजे लंडनपासून सिडनीपर्यंत सगळे मिळून पन्नास मिनिटं उशीर! असा माणूस सोनगीरला बाकड्यावर बसून बशीत चहा ओतणार नाही हो.

पण मला खरा धक्का बसला तो स्पर्धकांची नावं वाचताना.

त्या गाड्यांमध्ये एक सित्रोएन डीएस २१ होती. चालवणारे दोघे: जाँ-क्लोद ओझिए आणि लुसियाँ बियांकी. बियांकी बेल्जियमचा, जन्म इटलीतल्या मिलानचा. बाप रेसिंगच्या गाड्यांचा मेकॅनिक, कामासाठी कुटुंब घेऊन बेल्जियमला गेला. पोरं बेल्जियममध्येच वाढली. (मेकॅनिकच्या पोराचं ऐकलं की माझा जीव जरा जास्तच अडकतो, काय करणार.) तर हा लुसियाँ बियांकी लंडनहून निघण्याच्या दोनच महिने आधी, २९ सप्टेंबर १९६८ ला, ले मान्सची २४ तासांची शर्यत जिंकलेला माणूस होता. दोन महिन्यांपूर्वीचा ताजा विजेता! आणि तो रात्रीच्या अंधारात लळिंगच्या किल्ल्याखालून गेला. जगातल्या मोटार शर्यतींतलं सगळ्यात मोठं नाव आपल्या दारावरून गेलं आणि आपल्याकडं त्याची आठवण काय, तर "गोऱ्यांच्या गाड्या".

ज्यांना ले मान्स माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. (लिहितात ले मान्स, फ्रेंच लोक म्हणतात 'ल मां'. मी आपलं लिहितात तसंच लिहितो.) फ्रान्समधलं हे गाव. तिथं १९२३ पासून ही शर्यत होते. दुपारी गाड्या सुटतात, रात्रभर पळतात, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला थांबतात. २४ तासांत जो जास्त अंतर कापेल तो पहिला. चालक आळीपाळीने बसतात. त्या काळी एका गाडीला दोघे असायचे, आता तिघे. टायर बदलायचे, पेट्रोल भरायचं, ब्रेकचे पॅड बदलायचे, पुन्हा सोडायची. गाडी नुसती वेगवान असून भागत नाही, टिकावी लागते. आपल्याकडं म्हणतात ना, धावणारा बैल वेगळा आणि ओढणारा बैल वेगळा. तिथं एकाच गाडीला दोन्ही व्हावं लागतं.

आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिथं एकाच वेळी वेगवेगळ्या गटांच्या गाड्या पळतात. आपल्याकडं बैलांच्या शर्यतीत दातांवरून गट पाडतात, पण तिथं गट वेगळे तसं धावणंही वेगळं. ले मान्सला तसं नाही. मोठ्या इंजिनची खास शर्यतीसाठी बनवलेली गाडी आणि दोन लिटरची लहान गाडी एकाच रस्त्यावर, एकाच अंधारात, एकाच पावसात. सगळ्यांत मिळून पहिला कोण ते वेगळं आणि आपापल्या गटात पहिला कोण ते वेगळं. १९६८ ला बियांकी आणि मेक्सिकोचा पेद्रो रॉद्रिगेझ यांनी फोर्ड जीटी ४० वर ३३१ फेऱ्या मारल्या, जवळपास ४४५० किलोमीटर. त्याच वेळी चौथी आलेली छोटी अल्फा रोमिओ तिच्या दोन लिटरच्या गटात पहिली आली. त्या गाडीवाल्यांनीही घरी जाऊन पेढे वाटले असतील, त्यांच्याकडं जे काय असेल ते.

यातली खरी कसरत ओव्हरटेकची असते. वेगवान गाडीला रात्रभर शेकडो वेळा हळू गाडीच्या बाजूने जायचं असतं. हळूवाल्याने आरशात बघून आपली लाइन सोडायची नाही, वेगवाल्याने अंदाज चुकवायचा नाही. निळा झेंडा दाखवतात, म्हणजे मागून जलद गाडी येतेय, वाट दे. एकाची डुलकी, दुसऱ्याचा जीव.

वाचता वाचता मला हसू आलं. वेगवेगळ्या गटांच्या गाड्या, एकच रस्ता, रात्रभर. अरे, हा तर आमचा आग्रा रोड! १९६८ चा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३. चौपदरी नाही, मध्ये दुभाजक नाही. त्यावर पंजाबचे ट्रक, एसटी, एखादी अॅम्बॅसॅडर, सायकलवरचे दूधवाले, मेंढ्यांचे कळप आणि डिसेंबर म्हणजे कापसाचा हंगाम, तेव्हा जिनिंगकडं निघालेल्या बैलगाड्यांच्या रांगा. गाडीच्या आखाखाली टांगलेला कंदील. तोच टेललॅम्प, तोच निळा झेंडा.

त्या रात्री त्या रांगेला बाजूने कापत पोर्शे ९११ गेल्या असतील, ऑस्ट्रेलियाच्या फोर्ड फाल्कन गेल्या असतील, रशियाच्या चार मॉस्कविच गेल्या असतील (चारही सिडनीला पोचल्या बरं का). बीएमसी १८०० गेल्या असतील, ज्या एका अर्थाने आपल्या अॅम्बॅसॅडरच्या भाऊबंद, कारण अॅम्बॅसॅडर म्हणजे मूळची त्याच कंपनीची मॉरिस ऑक्सफर्ड. आपला भारतीय संघही होता, लोटस कॉर्टिना घेऊन बोमसी वाडिया आणि त्यांचे साथीदार. एल्सी गॅड आणि तिच्या तीन मैत्रिणी व्होल्वो घेऊन होत्या, बायकांचं बक्षीस पुढं त्यांनीच जिंकलं. चौघी बायका, १९६८ साली, रात्री, आग्रा रोडवर, गाडी चालवत. आमच्या आजीला हे सांगितलं असतं तर तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता.

हिंदुस्थानातली गर्दी हा त्या स्पर्धकांच्या आठवणीतला कायमचा विषय आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं, गाडी यायला जेमतेम फट. नाना त्या गर्दीतले एक, वय वर्षं चौदा. सोबत त्यांचे मोठे भाऊ, आमचे तात्या. तात्यांनी नानांना खांद्यावर घेतलं होतं म्हणे. चौदा वर्षांचं पोरगं खांद्यावर! पण तात्या अंगाने तसेच होते, असं सगळेच सांगतात.

मुंबईला ७२ गाड्या पोचल्या. सगळ्यात पुढं रॉजर क्लार्क आणि ओव्हे अँडरसन यांची लोटस कॉर्टिना. बियांकी-ओझिए तिसरे. तिथून पी अँड ओ कंपनीच्या 'चुसान' बोटीवर गाड्या चढवल्या आणि बोट ऑस्ट्रेलियाला निघाली. १४ डिसेंबरला पर्थहून पुन्हा सुरुवात. वाळवंट, डोंगर, तीन दिवस तीन रात्री. क्लार्कच्या गाडीने दगा दिला, बियांकीची सित्रोएन पहिल्या नंबरवर आली. १७ डिसेंबर, सिडनी फक्त शंभरेक मैल राहिलं, नाउरा नावाच्या गावाजवळ. ओझिए चालवत होता. बियांकी बाजूच्या सीटवर झोपला होता, त्याची पाळी संपली होती. आणि समोरून एक मिनी आली, जी त्या रस्त्यावर असायलाच नको होती. समोरासमोर धडक. बियांकीला गंभीर इजा झाली, दोघेही हॉस्पिटलात.

मागून येत होता पॅडी हॉपकर्क, १९६४ ला मिनी घेऊन माँटे कार्लो रॅली जिंकलेला. तो आणि त्याचे साथीदार मदत मिळवायला थांबले, मागं वळले. जिंकायची संधी होती ती गेली. शेवटी पहिला आला अँड्र्यू कॉवन, स्कॉटलंडच्या एका शेतकरी घरातला, हिलमन हंटर नावाच्या साध्या घरगुती गाडीवर. हॉपकर्क दुसरा. ९८ पैकी ५६ गाड्या शेवटपर्यंत पोचल्या.

हॉपकर्कबद्दल वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. का ते सांगतो.

तात्या गेले १९७४ च्या हंगामात. कापसाची गाडी घेऊन धुळ्याला निघाले होते. रात्री निघायचं, पहाटे जिनिंगच्या दाराशी रांगेत लागायचं, हीच तेव्हाची रीत. बैलांना रस्ता पाठ असायचा, माणूस गाठोड्यांवर आडवा व्हायचा. तात्याही झोपले होते. कंदील विझला होता की वाऱ्याने की तेल संपलं म्हणून, ते कळायला मार्ग नाही. मागून ट्रक आला. एक बैल जागेवर गेला, तात्या सकाळपर्यंत होते. त्या रात्री त्या रस्त्याने आणखी किती गाड्या गेल्या असतील. पहिली थांबली ती उजाडायच्या सुमारास, दूधवाल्याची सायकल. नाना हे कधी सांगत नसत. ते फक्त गोऱ्यांच्या गाड्यांचं सांगायचे. आता वाटतं, त्या गोष्टीत तात्या खांद्यावर घेणारे आहेत म्हणून ती गोष्ट ते सांगायचे.

युरोपने हा धडा फार आधी घेतला होता, आणि फार महागात. १९०३ ची पॅरिस ते माद्रिद शर्यत उघड्या रस्त्यांवर होती. इतकी माणसं मेली की सरकारने ती बोर्डोलाच थांबवली. १९५५ ला खुद्द ले मान्समध्ये एक मर्सिडीज उडून प्रेक्षकांत घुसली, ऐंशीच्या वर माणसं गेली. १९५७ ला इटलीच्या मिले मिलियात एक फेरारी गर्दीत गेली, लहान लेकरं मेली, आणि ती शर्यत त्या रूपात कायमची बंद झाली. त्यानंतर कठडे उंच झाले, प्रेक्षक मागं गेले. ले मान्सच्या सर्किटचा मोठा भाग आजही एरवी गावकऱ्यांच्या वापरातला साधा रस्ता आहे. त्यावरून रोज माणसं बाजारात जातात. शर्यतीच्या दिवसांत मात्र तो बंद असतो, कठडे लागलेले असतात, जागोजागी झेंडेवाले उभे असतात. म्हणजे वेगवेगळ्या वेगाच्या गाड्या एका रस्त्यावर सोडायच्या तर किती बंदोबस्त लागतो, हे त्या लोकांना शंभर वर्षांच्या मरणांनी शिकवलं. आमच्याकडं तीच शर्यत रोज भरते, बाराही महिने, बिनझेंड्याची.

४ जुलै २०२३ आठवतंय ना? पळासनेर, शिरपूर तालुका. घाटातून उतरत आलेल्या मालवाहू गाडीचे ब्रेक गेले, ती पुढच्या वाहनांना उडवत हॉटेलात घुसली. कमीत कमी १० जण गेले. स्टॉपवर एसटीची वाट बघणारी माणसं. ती कुठल्याच शर्यतीत नव्हती. आता रस्ता चौपदरी आहे, नंबरही बदलले, ५२ आणि ६० झाले. पण दुभाजकातल्या कटमधून उलटा येणारा ट्रॅक्टर आणि शंभरच्या वेगाने येणारी कार यांची गाठ आजही आम्हीच घालून देतो. सर्व्हिस रोड कुठं अर्धा, कुठं नाही. ट्रॉलीला मागं लाल कापड नाही की रेडियम नाही. पन्नास रुपयांचं रेडियम.

बियांकीचं पुढं काय झालं ते राहिलं. नाउराच्या अपघातातून तो बरा झाला आणि लगेच परत गाडीत बसला. त्याच्याच विजयाच्या शर्यतीत त्याचा भाऊ मोरो अल्पाइन गाडीसकट पेटला होता, वाचला पण फार भाजला. तरी लुसियाँ थांबला नाही. ३० मार्च १९६९ ला ले मान्सच्याच रस्त्यावर अल्फा रोमिओची चाचणी घेत असताना गाडी सुटली आणि खांबावर आदळली. तो जागेवर गेला. वय ३४. आग्रा रोडवरून गेल्याला चार महिने पूर्ण व्हायचे होते. अडीच महिन्यांनी ले मान्सची १९६९ ची शर्यत झाली आणि ती जिंकली त्याच फोर्ड जीटी ४० ने. तसलीच दुसरी नव्हे, तीच गाडी, चासी नंबर १०७५. चालक नवे. गाडी टिकली, माणूस टिकला नाही. मोरोचा नातू ज्यूल बियांकी फॉर्म्युला वनमध्ये आला. तरुण पोरांना ते नाव माहीत असेल. २०१४ ला जपानमध्ये पावसात त्याची गाडी ट्रॅकच्या कडेला काम करणाऱ्या क्रेनवर गेली. २०१५ ला तो गेला. तिथंही पुन्हा तेच, जिथं असायला नको होतं तिथं दुसरं वाहन.

ले मान्सच्या शर्यतीत पळणारा पहिला भारतीय करुण चंढोक, २०१२ साली. सहावा आला. म्हणजे ले मान्सचा विजेता धुळ्यावरून गेला त्यानंतर ४४ वर्षांनी आपला माणूस तिथं पोचला.

नाना २०१९ ला गेले. मी त्यांना बियांकीचं नाव सांगू शकलो नाही, कारण मला ते त्यानंतर सापडलं. सांगितलं असतं तर बहुतेक म्हणाले असते, "त्यानीच मले सिगारेटचं पाकीट दिलं व्हतं."

तर आता तुमचं काम. त्या रात्री सेंधव्यापासून चांदवडपर्यंत आग्रा रोडच्या कडेला उभी असलेली माणसं आज सत्तरीच्या पुढं असतील. तुमच्या घरात कोणी असेल तर आजच विचारा. कोणाच्या आजोबांनी फोटो काढला असेल, कोणाच्या जुन्या वहीत वर्तमानपत्राचं कात्रण असेल, कोणाच्या हॉटेलात खरंच एखादा गोरा थांबला असेल. कमेंटमध्ये गाव आणि आठवण लिहा. आणि कोणाकडं सिगारेटचं पाकीट निघालं, तर आमच्या आईला दाखवायला आणून द्या. ती अजून विचारते.

ट्रॅक्टर-ट्रॉली असणाऱ्यांनी रेडियमसाठी मला मेसेज करा. आम्ही पाच-सहा जण मिळून नरडाणा ते धुळे लावतोय, पैसे नकोत. या रविवारी सोनगीर फाट्यावर सकाळी आठ वाजल्यापासून आहोत.